अझ्टेक देवता जमिनीतच ठेवाव्यात की संग्रहालयात न्याव्यात?

चिरेबंदी: मेक्सिको सिटीखाली अझ्टेक लोकांची जुनी राजधानी तेनोच्तित्लान आहे. १९७८ मध्ये वीज कर्मचारी खणत असताना कोयोल्शाउकी या देवीची सव्वातीन मीटर व्यासाची शिळा निघाली. तिथल्या मुख्य देवळाच्या पायऱ्यांच्या तळाशी ती मुद्दाम बसवलेली होती: कथेत भाऊ तिला मारून डोंगरावरून खाली टाकतो, आणि बळी दिलेले देहही तिच्याच दिशेने गडगडत येत. संग्रहालयाच्या दालनात वर पायऱ्याच नाहीत, मग उरलं काय? पिनो सुआरेझ मेट्रो स्थानकात वायुदेव एहेकात्लचं देऊळ जागेवरच ठेवलंय, चाललंय ना?

ओलीमाती: तो दगडी चौथरा आहे हो. देवाला वाहून पुरलेल्या अर्पण-पेट्यांतल्या लाकडी मुखवट्यांचं काय करणार? पाणी भरलेल्या, हवा नसलेल्या चिखलात ते पाच शतकं टिकले. उघड्यावर सुकले की आतल्या पेशी चेपतात, लाकूड आकसतं आणि चिरतं. म्हणून ते ओलंच उचलायचं, धुवायचं, मग लॅक्टिटॉल-ट्रेहॅलोज या साखरांच्या द्रावणात बुडवून महिनोन् महिने तीव्रता थोडी थोडी वाढवायची. घाई केली तर साखर आत पोचण्याआधीच पाणी बाहेर ओढलं जातं आणि व्हायचं ते नुकसान होतंच. हे रस्त्यातल्या खड्ड्यात करून दाखवा.

चिरेबंदी: लाकडाबद्दल मी बोलतच नाहीये. शिळांचं बोला.

रंगारी: बोलतो. २००६ मध्ये सापडलेली भूदेवी त्लाल्तेकुत्लीची शिळा: साधारण ४.२ बाय ३.६ मीटर, बारा टन, चार तुकडे, आणि अंगावर मूळ रंग शिल्लक. ओला दगड भरभर सुकला की आतले क्षार पृष्ठभागाशी येऊन स्फटिक होतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. छप्पर घालू म्हणाल, तर २०२१ च्या गारपिटीत त्याच देवळाच्या परिसरातल्या गरुडगृह या जुन्या वास्तूवरचं छप्पर गारांच्या वजनाने कोसळलं. शिवाय शिळा उचलली नसती तर खालची अर्पणं सापडलीच नसती.

भूजल: तुम्ही सगळे शेवटाचं भांडताय. मुळात खणायचंच कशाला? पाणीउपशाने हे शहर खचतंय, काही भागांत वर्षाला चाळीस-पन्नास सेंटिमीटर. खड्डा कोरडा ठेवायला पंप लावला की शेजारचा ओलावाही जातो. मोजा, चित्रं काढा, वर पाणी झिरपू देणारं कापड आणि चाळलेली वाळू घालून बुजवा.

रंगारी: बुजवण्याचा प्रयोग झालाय. १७९० मध्ये कोआत्लिक्वे देवीची मूर्ती सापडली. लोक पूजेला येऊ लागले म्हणून विद्यापीठाच्या आवारात पुरून टाकली. १८०३ मध्ये जर्मन संशोधक-प्रवासी हुम्बोल्टला पाहायची होती, तेव्हा बिशपचा वशिला लावून उकरावी लागली. तुमच्या वाळूखालची देवी पाहायला कुणाचा वशिला लावायचा, तेवढं सांगा.