हचिन्सनला एवढं डोक्यावर का घेता?

रातकिडा: काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं की व्हाइटचॅपल प्रकरणात, म्हणजे लंडनच्या जॅक द रिपरच्या खुनांत, जॉर्ज हचिन्सन या साक्षीदाराचा जबाब सगळ्यात बारकाईचा, म्हणून सगळ्यात भरवशाचा. डोकंच फिरलं. रात्रीचे २, नोव्हेंबर १८८८, गॅसचा दिवा, आणि या गड्याला खून झालेल्या मेरी केलीबरोबरच्या माणसाची अस्त्रखान (कोकराच्या लोकरी कातड्याची) कॉलर, घोड्याच्या नालेच्या आकाराची टायपिन, पांढरी बटणं, पापण्यांचा रंगसुद्धा दिसला? वर ३ दिवस गप्प, इन्क्वेस्ट (मृत्यूची चौकशी) संपली त्याच संध्याकाळी चौकीत हजर!

वकीलकाकू: तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर ॲबरलाइनने स्वतः उलटतपासणी करून जबाब खरा वाटतो असं लेखी दिलंय. तो काय दूधखुळा होता? आणि सारा लुईस या साक्षीदार बाईने २.३० ला मेरीच्या घरासमोर उभा माणूस पाहिलाच की.

रातकिडा: उभा असेल हो. पण उभा होता म्हणजे सांगितलं ते सगळं खरं? माझी चेन ओढली तेव्हा मी लाल बाईक सांगितली, छातीठोकपणे. सीसीटीव्हीत काळी निघाली. भर दुपारी, काकू.

घड्याळवाला: खरा घोळ वेळेचा असतो. ॲनी चॅपमनचं घ्या, त्याच मालिकेतला आधीचा खून. शेजारच्या घरातल्या कॅडॉशने, जिथे ॲनीचं प्रेत सापडलं त्या अंगणातून, कुंपणापलीकडून "नो" ऐकलं, काहीतरी आदळलं, आणि ५.३२ ला तो चर्चवरून गेलासुद्धा. मिसेस लाँग म्हणते ब्रुअरीच्या घड्याळात साडेपाचचे टोल पडले तेव्हा ॲनी रस्त्यावर एका पुरुषाशी उभी बोलत होती. कसं जमायचं? ३० वर्षं टोलाची घड्याळं दुरुस्त करतोय, चालता चालता कुणी ठोके मोजत नाही. तिने सव्वापाचचे साडेपाच धरले असणार.

वकीलकाकू: असणार म्हणजे? बाई गोंधळली असेल म्हणून साक्ष उडवायची, कोर्टात हे ऐकून ऐकून वीट आलाय. शवागारात जाऊन चेहरा ओळखलाय तिने. प्रेत तपासणारे डॉक्टर फिलिप्स चुकले म्हणा ना! ६.३० ला म्हणे मरून किमान २ तास झाले, आणि लगेच स्वतःच पुस्ती जोडली की सकाळ थंड होती, रक्त खूप गेलंय, अंग लवकर गार पडणार. रिचर्डसन पावणेपाचच्या सुमारास त्याच अंगणाच्या पायरीवर बुटाचं चामडं कापत बसला होता, त्याला प्रेत दिसलं नाही.

घड्याळवाला: अहो मी डॉक्टरची बाजू घेतलीच कुठे? बाईंनी ॲनीला पाहिलं, मान्य. फक्त १५ मिनिटं म्हणतोय. ॲनीच्या मृत्यूची चौकशी चालवणाऱ्या कॉरोनर बॅक्स्टरनेही साक्षीदारांनाच उचलून धरलं.

वकीलकाकू: मग १५ मिनिटं घ्या, बाई सोडा. प्रामाणिक होती ती, पुरुषाचं तोंड दिसलं नाही हे सरळ सांगितलं.

रातकिडा: आणि तोंड न बघता परदेशी वाटला हेही सांगितलं! हचिन्सनचा माणूसही ज्यू दिसणारा. १८८८ च्या ईस्ट एंडमध्ये ज्यूंवर आधीच संशय होता, डोक्यात बसलेलं तेच डोळ्यांना दिसतं, माझ्या लाल बाईकसारखं.

वकीलकाकू: बरं, टायपिन आणि पापण्या सोडल्या. हचिन्सन तिथे उभा होता, हे मात्र सोडणार नाही.