पिवळी टेप बरोबर, पण ती सगळीकडे नको

गॅसच्या पाइपच्या आट्यांवर गुंडाळायला पांढरी नको, पिवळीच टेप घ्या, असं सांगतात ते अगदी मान्य. पिवळी जाड आणि घट्ट विणीची असते, पाण्याच्या नळाची पातळ पांढरी तिथे चालवू नये. पण टेप कुठे लावायचीच नाही, हे कुणी सांगत नाही.

आमच्या फोंड्याच्या घरी सिलिंडर मागच्या बाल्कनीत, तिथून तांब्याचा पाइप स्वयंपाकघरात. पावसाळ्यात वास यायला लागला. प्लंबरने पितळी नट काढून टेपचे पाच-सहा वेढे दिले, तरी साबणाच्या फेसात बारीक बुडबुडे येतच राहिले. दुसऱ्या माणसाने नट उघडून दाखवलं: पाइपचं भोंग्यासारखं फुलवलेलं तोंड एका बाजूने चिरलं होतं. अशा जोडात गॅस अडवतं ते तोंड, आटे फक्त दाबून धरतात. उलट टेपमुळे ते नीट बसत नाही. त्याने तोंड कापून नव्याने फुलवलं, टेप न लावता. बुडबुडे बंद!

टेप निमुळत्या आट्यांसाठी, जिथे आटेच गॅस अडवतात. टोकाचा पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर तुकडे आत जाऊन बर्नरचं जेट (गॅस येण्याचं बारीक छिद्र) तुंबतं. आणि तपासायला काडी कधीच पेटवू नका हो. वास आला तर आधी रेग्युलेटर बंद, मग १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन.