12 टक्के म्हणजे नेमके किती?

ताई, गृहलक्ष्मीचे, म्हणजे कर्नाटक सरकार घरच्या कर्त्या बाईला महिन्याला देतं ते, 2000 धरून महिन्याचा खर्च बसवायचा आणि गणपतीआधी घर रंगवायला वर्षभरात फेडायचं 50,000 चं कर्ज काढायचं, असं तुम्ही म्हणताय. कर्जाआधी एकच विचारा: 12 टक्के फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर, की घटत्या शिलकेवर, म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवरच? फ्लॅट असेल तर वर्षाला 6000 व्याज, महिन्याचा हप्ता 4667. घटत्या शिलकेवर त्याच 12 टक्क्यांना व्याज जेमतेम 3300. म्हणजे फ्लॅटचा खरा दर 21 टक्क्यांच्या वर जातो. आमच्या शहापुरात दारात येणारा वसुलीवाला हे कशाला सांगेल!

गृहलक्ष्मीचा हप्ता कधी येतो, कधी रखडतो. त्यावर किराणा ठेवू नका. आला की थेट आरडीत (दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या बँकेच्या ठेवीत) किंवा बचत गटात टाका. सगळे हप्ते आले तर वर्षाला 24,000 होतात, रंगाचा जवळपास निम्मा खर्च त्यातूनच निघेल, गणपती काही भिंती बघत नाही.

गृहज्योतीच्या, म्हणजे सरकारच्या फुकट विजेच्या योजनेचंही तेच, डोळे झाकून विसंबू नका. 200 युनिटच्या वर गेलात की सगळं बिल भरावं लागतं, नुसतं वरच्या युनिटचं नाही. उन्हाळ्यात मीटरवर पंधरवड्याला नजर टाकत जा.

भिशी चालेल, पण ओळखीतलीच. आणि दुकानातली उधारीची वही आधी मिटवा.