मदत हवी आहे : निखाऱ्यावर गोड लेपाची कोंबडी करपू नये म्हणून काय करावे?

सप्रेम नमस्कार. गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या गावी पाहुण्यांसाठी जपानी तेरियाकी पद्धतीची कोंबडी बांबूच्या काड्यांवर भाजण्याचा विचार आहे. मूळ लेपात सोया सॉस, साखर आणि मिरिन हे तांदळाचे गोडसर मद्य असते. मिरिन येथे मिळत नसल्याने सोया सॉसमध्ये गूळ, आले, लसूण आणि थोडा लिंबाचा रस घालून तो आटवणार आहे.

खरी अडचण आचेची आहे. बाभळीचा कोळसा फार तापतो, आणि मांस आतपर्यंत, म्हणजे ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजण्याआधीच गूळ जळून कडू होतो. मग लेप अगदी शेवटी, दोन-तीन हातांनी लावावा, की निखारे एका बाजूला सारून आधीपासूनच थोडाथोडा लावत जावा? गावरान कोंबडी चिवट राहील असे वाटते, म्हणून ब्रॉयलरच्या मांडीचे तुकडे घेणार आहे. काड्या अर्धा तास भिजवणे पुरेसे आहे का?

सोबत काकडी, मुळा, गाजर आणि सांभार (म्हणजे कोथिंबीर) यांची ताजी कोशिंबीर, वरून भाजलेले तीळ. तिला पाणी सुटू नये म्हणून मीठ केव्हा घालावे, हेही कृपया सांगावे. शेगडीवर प्रत्यक्ष करून पाहिलेल्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.