‘लाल पट्ट्यातली गावं उठवा’ म्हणे!

कडेकपारी: परवा इथे एकाने आंबेगाव-जुन्नरचा दरडप्रवण नकाशा टाकला. ३० मीटरचा डीईएम (३०-३० मीटरच्या चौकोनांत मांडलेली जमिनीची उंची), त्यावर उतार, पाऊस, माती, जमीनवापर असे थर, एएचपीने (थरांची जोडीजोडीने तुलना करून) वेटेज, म्हणजे कुठल्या थराला किती वजन, आणि खाली शेरा: ‘लाल पट्ट्यातली गावं उठवा.’ डोकं फिरलं म्हणून लिहितोय. लाल दिसतो तो दरड सुटते तो भाग. चिखल-दगडांचा लोंढा ओढा धरून खाली येतो आणि उतार मंदावला की पसरतो. घरं तिथेच असतात, नकाशात हिरवीगार! आंबेगावातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं त्याला बरोबर दहा वर्षं झाली त्याच दिवशी, ३० जुलै २०२४ ला, केरळात वायनाडमध्ये काय झालं? दरड सुटली पुंचिरीमट्टमच्या वर, गाडलं गेलं खालचं चूरलमलासुद्धा.

नकाशेवाला: नकाशा माझा. दरड ‘कुठे’ सुटू शकते एवढंच त्यात आहे; ‘कधी’ आणि ‘कुठवर’ नाही, हे लिहिलं होतं. तुम्ही शेरा वाचलात, तळटीप सोडलीत. २०२३ मध्ये दरडीखाली गेलेली रायगडची इर्शाळवाडी सरकारी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. त्या यादीपेक्षा माझा नकाशा बरा.

रानवाट: जुन्या दरडींच्या नोंदी बहुतेक रस्त्यालगतच्या. रानात पडलेली कोण लिहून ठेवतो? तेवढ्यावर मॉडेल बसवायचं आणि अचूकतेचे आकडे मिरवायचे.

घोडकाठ: ते राहू द्या. भातखाचरं लाल का रंगवली? माळीणनंतर जो तो पडकईवर, म्हणजे डोंगरउतारावर बांध घालून खाचरं काढण्यावर, घसरतो. आमचा आजा हातानं बांध घालायचा, पाण्याला वाट ठेवून.

कडेकपारी: आजा हातानं. आणि नातू जेसीबीनं?

घोडकाठ: आलात जातीवर! आमच्याकडे एकदा भर पावसात घरामागचा ओढा अचानक आटला. आजी म्हणाली, वर काहीतरी तुंबलंय, उठा. रात्र देवळात काढली. पहाटे लोंढा आला, गोठा गेला, माणसं वाचली. तुमच्या कुठल्या थरात बसते ही म्हातारी?

रानवाट: आजी थोर. पण दर वाडीवर आजी जागी असेलच असं नाही. आणि जेसीबीचं उत्तर राहिलंच.

घोडकाठ: लावला एकदा जेसीबी. चुलत्यानं. बास?

नकाशेवाला: बरं बाबा, शेरा काढतो. ओढे धरून लोंढ्याच्या वाटाही टाकतो, रविवारी. खाचरांचं वेटेज मात्र आहे तेच.

घोडकाठ: मग रविवारी परत येतो.