आधी जबडा, मग सांधा: हे उलटं नाही

प्रश्न असा की भाच्याचं तोंड जेमतेम एक बोट उघडतं, हनुवटी मागे गेलीय, आणि डॉक्टर सांधा मोकळा करण्याआधी जबडा लांब करू म्हणतायत. वर दोघांनी दुसरं मत घ्यायला सांगितलंय. जरूर घ्या, पण हे डॉक्टर काही वेडंवाकडं सांगत नाहीयेत.

लहानपणी हनुवटीवर आपटलं की कानापुढचा सांधा मोडून हाड जखडू शकतं (कधी कानातल्या पुवामुळेही). खालच्या जबड्याची वाढ खुंटते, जीभ मागे राहते, मूल घोरतं, झोपेत श्वास अडकून दचकतं. भाचा घोरत असेल तर स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) आधी. श्वासाची वाट अरुंद असली की भूल देणंही जोखमीचं. नाकातून दुर्बिणीने श्वासाची नळी सरकवावी लागते. म्हणून आधी डिस्ट्रॅक्शन, म्हणजे जबडा हळूहळू लांब करणं: हाड कापून यंत्र बसवतात, काही दिवसांनी त्याचा स्क्रू रोज साधारण १ मिमी फिरवतात, फटीत नवं हाड भरत जातं. जबड्यावरचे असे पहिले रुग्ण न्यूयॉर्कचे सर्जन मॅकार्थी यांनी १९९२ मध्ये मांडले.

मग जखडलेलं हाड काढून मध्ये कानशिलाच्या स्नायूचा पडदा घालतात. टेबलावरच तोंड ३५ मिमी उघडावं, अशी अपेक्षा असते.

खरी कसोटी घरी. आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांत धरून एकेक वाढवायची, रोज, महिनोन्‌महिने. पोरगं रडतं, आजीला दया येते, व्यायाम सुटतो आणि सांधा पुन्हा जखडतो. त्यामुळे फिजिओथेरपी कोण बघणार, हे आत्ताच विचारून घ्या.