ईपीकेमध्ये (इलेक्ट्रॉनिक प्रेस किट, म्हणजे आयोजकांना पाठवायची बँडची माहिती, फोटो, व्हिडिओ) नेमकं काय घालायचं? (नाशिकचा पाच जणांचा बँड)

संबळवाला:
राम राम मंडळी. आम्ही गोंधळ, भारुडं गातो. जोडीला बेस आणि गिटार. संबळ मी वाजवतो, सामानाचा टेम्पो ठरवण्यापासून सगळी उस्तवारही माझ्याकडेच, म्हणून हेही गळ्यात पडलंय. पुण्याच्या एका आयोजकांचा एका ओळीचा मेल आला, 'ईपीके पाठवा'. आठ पानांची पीडीएफ केली तर ४२ एमबी झाली, मेलला जोडताच येईना. पहिली तीन पानं 'आमचा प्रवास'. काय काढू?

फेडरवाला:
प्रवास काढा! शंभर शब्दांत कोण, कुठले, काय वाजवता ते लिहा. आयोजक तेच उचलून पोस्टरवर टाकतो.

मी साउंड करतो, म्हणून माझं रडगाणं वेगळं. कुणीच इनपुट लिस्ट देत नाही. तुमचीच घ्या: संबळाला दोन माइक, ढोलकीला दोन, तुणतुण्याला एक क्लिप माइक (साध्या स्टँडवर ठेवलात तर शेजारचा संबळ त्याला गिळून टाकेल), गिटार आणि बेसला एकेक डीआय (वाद्याची वायर थेट मिक्सरला जोडायची डबी), गाणारे तीन धरले तर तीन माइक. झाले दहा चॅनल. हे आधी कळलं तर मी तयारीनं येतो. नाहीतर 'दादा, अजून एक माइक मिळेल का' हे ऐन साउंडचेकला ऐकायचं. सोबत स्टेज प्लॉट द्या, कोण कुठे उभं राहणार. हातानं काढून फोटो काढलात तरी चालेल. फक्त प्रेक्षक कुठल्या बाजूला ते लिहा, एकदा अख्खा बँड आरशात बघितल्यासारखा उलटा लावलाय मी.

निवडसमितीतली:
कॉलेजच्या फेस्टसाठी दोन वर्षं बँड निवडलेत. मी आधी व्हिडिओ लावायचे. प्रत्यक्ष कार्यक्रमातलं एकच गाणं, न कापलेलं. ड्रोन, धूर वगैरे दिसलं की वाटायचं, यांना वाजवता येतं की नाही?

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवू नका, बारीक होऊन येतात. ए३ पोस्टर नीट छापायचं तर साधारण ३५०० बाय ५००० पिक्सेल लागतात. एक आडवा, एक उभा पुरे. सगळं ड्राइव्हवर ठेवून मेलमध्ये लिंक द्या. आणि हो, लिंक सगळ्यांना उघडेल अशी करा. रात्री अकराला 'परवानगी मागा' असं आलं की मी सरळ पुढच्या बँडकडे जायचे.

संबळवाला:
लिंक आत्ता दुसऱ्या फोनवरून उघडून बघितली. परवानगीच मागत होती 😅 केली दुरुस्त. प्रवास चार ओळींत आणला, आमचे गायक रुसलेत. व्हिडिओ एकच आहे बरा, गावच्या जत्रेतला, पण मध्येच लाउडस्पीकरवरून कुणाची तरी हरवलेली मोटारसायकलची चावी पुकारतात. चालेल का?

निवडसमितीतली:
चालेल काय, तोच टाका.

फेडरवाला:
आवाज कसा आलाय ते सांगा आधी. चावीचं नंतर बघू.